बोर्दोत आज सुधीर मला ‘ताई’ म्हणाले

मंडळी, हॉटेलवर येऊन दोन तास झाले. कुणाला तरी सांगायचंय, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही नवरा-बायको कॅनडातल्या ओकव्हिलहून फ्रान्समध्ये बोर्दोला फिरायला आलोय. इथली वाइन प्रसिद्ध, पण तिला आम्ही दोघंही शिवत नाही. जुने चौक, चर्च, नदीकाठ एवढाच प्लॅन.

आज दुपारी नदीकाठच्या पाण्याच्या आरशावर गेलो. मोठ्या फरशीवर बोटभर पाणी असतं, त्यात समोरच्या इमारती उलट्या दिसतात. मग पाणी ओसरतं आणि फरशीतून धुकं उठतं. मी चपला काढून लहान मुलीसारखी आत शिरले. सुधीर कडेला उभे होते. धुकं विरलं, तर सुधीर नाहीत!

फोन लावला, तो माझ्याच पर्समध्ये वाजला.

अनवाणीच धावले. सुधीर ट्रामच्या स्टॉपवर शांत उभे होते. “न सांगता कुठे निघालात?” मी ओरडलेच.

त्यांनी वळून अदबीनं विचारलं, “ताई, ओकव्हिलची गो ट्रेन इथेच येते ना? घरी बायको वाट बघत असेल.”

गो ट्रेन म्हणजे आमच्याकडची, कॅनडातली लोकल! हात धरून त्यांना बाकावर बसवलं. दहा मिनिटांनी म्हणाले, “अगं, तुझ्या चपला कुठायत?”

आता झोपलेत. हल्ली नावं विसरतात, ते मी वयावर ढकलत होते. मी, तीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई!

परतल्यावर तपासण्या करूच. पण ते उठल्यावर आजचं त्यांना सांगू का? तुमच्यापैकी कुणी आपल्या माणसाला असं सांगितलंय?