पाच चुलींवरचं पाणी

रनाळ्याच्या नथ्थू पाटलाने तीन उन्हाळे खपून घरामागे विहीर खोदली. आधी काळी माती, मग मुरूम, मग खडक. १९३४ साली पाणी लागलं तेव्हा त्याने गावभर गूळ वाटला. सगळ्यांत जास्त आनंद त्याच्या बायकोला, दगूबाईला झाला. नाल्यापलीकडच्या गावविहिरीवरून वीस वर्षं पाणी वाहून तिचे गुडघे कुरकुरू लागले होते.

आनंद दुपारपर्यंत टिकला. नव्या पाण्यात घातलेली तुरीची डाळ जेवणवेळ टळली तरी दाण्याला दाणा वेगळी राहिली.

"पानी जड शे," दगूबाई म्हणाली.

"पानी जड नही शे. तुन्ही दाय जुनी शे," नथ्थू म्हणाला.

"दाय औंदानी शे. तुम्हीच खयावरथीन आनी." तिने यंदा खळ्यावरून आलेलं पोतं दाखवलं.

नथ्थूने ती डाळ मुकाट्याने चावून खाल्ली आणि वर छान झाली म्हणून सांगितलं. पुढचे आठ दिवस तो रोज तसंच सांगत राहिला. त्या आठ दिवसांत त्याची एक दाढ हलायला लागली.

गावात गोष्ट पसरली आणि सल्ले यायला लागले. शेजारची भिकुबाई म्हणाली, "निवळीनी बी घस माय, पानी काचनागत व्हई." नथ्थूचा दोस्त चुनीलाल तापीकाठच्या गुजर वस्तीतला, तो येताना खिशात तुरटीचा खडाच घेऊन आला. शाळेच्या गुरुजींनी तीन मडकी एकावर एक ठेवायला सांगितली. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात गाळलेलं पाणी. प्रत्येकाचा उपाय खात्रीचा होता आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या उपायाला हसत होता.

दगूबाईला अक्षरओळख नव्हती, पण कुणी सांगितलं म्हणून मानायची तिला सवयही नव्हती. अंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरी खपली धरते, हे तिने पाहिलं होतं. तिने बोटाने खपली खरवडली आणि विचार केला, जे हंड्याला चिकटलं ते पाण्यातून गेलं. मग हे पाणी उकळून, निववून, वरचं वर ओतून घेतलं तर?

"सगळ्यासना पानी एकच दिन दखू," तिने जाहीर केलं.

सोमवारी सकाळी अंगणात दगडांच्या पाच चुली मांडल्या. एका चुलीवर तुरटीचं पाणी, एकीवर निवळीचं, एकीवर तीन मडक्यांतलं, एकीवर दगूबाईचं उकळून निवलेलं. पाचवीवर विहिरीचं साधं पाणी, तुलनेसाठी. ते मात्र मी स्वतः आणतो, असा नथ्थूने हट्ट धरला होता. डाळ दगूबाईनेच आपल्या मुठीने मोजून घातली. भिंतीची सावली तुळशीपाशी आली की भांडी उतरवायची, असं ठरलं. बायका पदर सावरून बसल्या. चुनीलाल आणि गुरुजी आपापल्या चुलीशी उभे राहिले, जणू त्यांचेच बैल शर्यतीत होते.

सावली तुळशीला टेकली. तुरटीचं पाणी आरशासारखं, डाळ गारगोटीसारखी. निवळीची तीच गत. गुरुजींनी एक दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि तो हळूच परत भांड्यात टाकला. दगूबाईची डाळ मऊ शिजली होती. आणि साध्या पाण्याची डाळ तर त्याहून मऊ, अगदी लोण्यासारखी.

"दखा," नथ्थू छाती काढून म्हणाला, "मन्ही विहीरना पानीले काय बी करानी गरज नही."

दगूबाईने नथ्थूच्या घागरीत उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन पाहिलं. ही चव तिने वीस वर्षं डोक्यावरून वाहिली होती.

"काय वं माय," भिकुबाईने भोळेपणाने विचारलं, "नथ्थू भाऊ आज पहाटले गावनी विहीरवर घागर कसाले भरी ऱ्हायंतात?"

अंगण हसून हसून लोळलं. चुनीलालला खाली बसावं लागलं. नथ्थूला एकाएकी शेतातलं काम आठवलं, पण दगूबाईने त्याला हाताने थांबवलं. त्याचा चेहरा पाहून तिचं हसू ओसरलं होतं. तीन उन्हाळे हा माणूस खडकाशी कसा झुंजला, ते तिने पाहिलं होतं.

"जमीन जसं देस, तसं पानी येस," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "खोदनारनी त्यामा काय चूक?"

त्या दिवसापासून घरात पाणी उकळून रात्रभर निववायचं ठरलं. वरचं पाणी मग गुरुजींच्या मडक्यांतून गाळलं जाई, कारण पावसाळ्यातल्या गढूळपणाला ती मडकी खरंच चांगली होती. सरपण आणायचं आणि हंड्याची खपली चिंचेच्या कोळाने काढायची, ही कामं नथ्थूने न सांगता अंगावर घेतली. निघालेली खपली तो पाहुण्यांना तळहातावर घेऊन दाखवी, आणि आपल्या विहिरीत किती दम आहे ते सांगे.

पुढे आसपासच्या गावात कुणाच्या नव्या विहिरीला पाणी लागलं की तो घागर घेऊन दगूबाईकडे येई. ती मूठभर डाळ घालून चूल पेटवी. डाळ शिजली नाही तर नथ्थू त्या माणसाला बाजूला ओट्यावर घेऊन बसे, पुढ्यात पानसुपारी ठेवी आणि उकळायचं कसं, निववायचं किती वेळ, हे सावकाश समजावी.