माझ्या तोंडी त्यांची गोष्ट

"ही साडी नको, ताई. कचऱ्याला जाताना नेसता ती नेसा. जरा मळकी."

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी मुद्दाम निळी, इस्त्रीची साडी नेसून गेले होते. एका कंपनीच्या सभागृहात कार्यक्रम होता. धायरीतल्या सोसायट्यांचे अध्यक्ष, सेक्रेटरी येणार होते. आम्हा कचरा गोळा करणाऱ्या बायकांतर्फे मला बोलायचं होतं.

या मॅडम गोष्ट कशी सांगायची ते शिकवायच्या. कंपनीनेच त्यांना आणलं होतं. तीन दिवस त्यांनी आम्हाला वारज्यात शिकवलं. चांगलं शिकवलं, खोटं कशाला बोलू. म्हणाल्या, "मागण्या वाचल्या की लोक मोबाइल काढतात. एक माणूस दाखवा. एक दिवस दाखवा. मग बदल झाल्यावरचा दिवस दाखवा." मला पटलं. मी वहीत उतरवून घेतलं.

आणि आता त्यांनी माझ्या हातात टाइप केलेला कागद दिला. 'मी अडाणी बाई. कचऱ्यात हात घालून पोरं जगवली. कंपनीने हातमोजे दिले आणि माझं आयुष्य बदललं.' पुढे कंसात: इथे डोळे पुसा.

मी बारावी पास आहे. मला मूल नाही. हातमोजे आठ दिवसांत फाटले.

"मॅडम, ही मी नाही."

"अहो, थोडं बदलावं लागतं. लोकांना भिडायला हवं ना."

"आणि आम्हाला काय बदल हवाय, ते?"

"ते पुढच्या वेळी बघू. आज वातावरण बिघडायला नको."

कुणीतरी जुनी साडी पुढे केली. मी हात लावला नाही. निळ्या साडीतच माइकपुढे उभी राहिले.

मी म्हणाले, "माझी आई याच कामावर होती. अकरा मजल्यांची इमारत. लिफ्ट होती, पण कचरावालीला बंदी. एकदा सातव्या मजल्यावर पिशवी फाटली. उष्टं, वापरलेले पॅड, काचा, सगळं जिन्यात. आईच्या तळहातात काच घुसली. एका काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, डाग राहता कामा नये. आईने तशा हाताने, स्वतःच्या पदराने पायऱ्या पुसल्या. मी शेजारी उभी होते. खाली आल्यावर आई म्हणाली, कुणाला सांगू नको. आज सांगतेय."

कुणी मोबाइल काढला नाही.

"लिफ्टमध्ये वास राहतो म्हणता. वास तुमच्या घरातला असतो, आम्ही तो खाली आणतो. आता दुसरा दिवस सांगते. तो अजून उगवलेला नाही. त्या दिवशी मी लिफ्टने उतरते. काच वेगळी बांधलेली असते. खाली नळ असतो. मी हात धुते, सावलीत बसून डबा खाते. माझ्याकडे कुणी बघत नाही. कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं."

टाळ्या नाहीत. पुढच्या रांगेतले एक सेक्रेटरी म्हणाले, "पाठांतर छान आहे. लिहून कुणी दिलं?"

"लिहून दिलेलं हे," मी म्हणाले, आणि खाली उतरून तो कागद त्यांच्या हातात ठेवला. मॅडम खाली बघत होत्या.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "सातवा नाही. सहावा मजला होता." आणि पहिल्यांदाच, सगळं स्वतःच्या तोंडून सांगत बसली.

कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. त्यात मी नव्हते. मग आमचा मुकादम आला. म्हणाला, "सेक्रेटरीसाहेबांची माफी माग. नाहीतर तुझी इमारत हिला देतो."

जिला देणार होता ती माझ्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "मी पण जिन्याने उतरणार नाही."

आता आम्ही नऊ जणी आहोत. माफी कुणीही मागणार नाही. सोमवारी प्रत्येकीने आपापल्या इमारतीत लिफ्टचं बटण दाबायचं, असं ठरलंय. आत घेतलं नाही तर कचरा वरच राहील. ज्याचा त्याच्या दारात.