राऊळ बाईंचं पहिलं वाक्य

आदरणीय नलिनी राऊळ बाईंची आणि माझी ओळख शुद्धलेखनाच्या एका चुकीवरून झाली. कांजूरमार्गला आमच्या वस्तीत बालवाडीच्या खोलीत दुपारी बायकांचा वर्ग भरायचा. बाहेरून दहावीला बसणाऱ्या आम्ही बायका, कोणी धुणीभांडी करून आलेली, कोणी पॅकिंगच्या कामावरून. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या राऊळ बाई आम्हाला मराठी शिकवीत. माझी शाळा पाचवीत सुटलेली. पहिल्या दिवशी बाईंनी मजकूर सांगितला आणि मी ऐकलं तसं उतरवलं. बाईंनी माझी वही घेऊन मोठ्यांदा वाचलं, "नळाला पाणी आले पूर्णविराम नवा परिच्छेद."

बायका पोट धरून हसल्या. शेजारची मंदा म्हणाली, "अगं सुनंदा, ते लिहायचं नसतं, करायचं असतं."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कान चांगले आहेत हिचे. आता थांबायला शिकवायचं."

मंदाला वाटलं हे तिला सांगितलं. मला शिकवायला मंदालाच येत नव्हतं, म्हणून शेवटी बाईंनाच शिकवावं लागलं.

बाईंची शिकवण्याची रीत कोरडी होती. वारा फिरला की कचरा डेपोचा वास खोलीत यायचा. आम्ही खिडकी लावायला उठलो की बाई म्हणायच्या, "राहू दे उघडी. वासावर एक परिच्छेद लिहा." मग आम्ही लिहायचो, फार घाण वास येतो, जीव नकोसा होतो. बाई ते खोडायच्या. "कसला वास, तो आल्यावर तू काय केलंस, एवढं लिही. तुझा जीव वाचणाऱ्याला दिसत नाही." परिच्छेदात एकच गोष्ट असावी आणि जी सांगायला जड जाते ती पहिल्या वाक्यात यावी, असा बाईंचा आग्रह असे. मला हे सगळं परीक्षेपुरतं वाटायचं.

त्याच वर्षी माझे पती गेले. मुलुंडला टॉवरच्या कामावर ते प्लास्टर करायचे. परांचीवरून पडले. कंत्राटदाराच्या माणसाने पोलीस चौकीत लिहून दिलं की मयत दारूच्या नशेत होता. वस्तीत ते आमच्याआधी पोचलं. माझ्या मुलीला वर्गातल्या मुलींनी विचारलं, "तुझे पप्पा टाईट होते ना?" पोरगी घरी येऊन मलाच विचारायला लागली, "आई, होते का गं?" माणूस परत येणार नव्हता, हे मला कळत होतं. पण पोरीने बापाला असं आठवू नये, एवढंच मला हवं होतं.

चौकीत सांगितलं, तुमचं म्हणणं लेखी द्या. मी पानंच्या पानं लिहिली, त्यात कंत्राटदाराला शिव्याही होत्या. हवालदाराने वरवर बघून बाजूला ठेवली. मी ती बाईंकडे नेली. म्हटलं, "बाई, तुम्हीच लिहून द्या ना."

"मी तिथे नव्हते. तू लिही."

मला तेव्हा बाईंचा राग आला होता, हे त्यांच्या गौरवाच्या या लेखात लिहायला नको, पण बाईंनाच असलं लपवलेलं चालत नाही.

बाईंनी विचारलं, "ते प्यायचे का?"

"रविवारी."

"मग ते पहिल्या वाक्यात घाल."

"वेड्या झालात का बाई? मग कोण मानेल मला?"

"लपवलंस तर शोधून काढतील, आणि पुढचं काहीच वाचणार नाहीत. तू पाहिलंस ते एका परिच्छेदात, ऐकलंस ते दुसऱ्यात. मिसळू नकोस."

"आणि मला जे होतंय ते?"

"ते इथे बसून सांग. मी आहे."

बाई त्या दिवशी वर्ग सोडून माझ्याजवळ बसल्या. मग मी लिहिलं. 'माझे पती रविवारी दारू पीत असत. ते पडले त्या दिवशी बुधवार होता. सकाळी त्यांनी माझ्यासमोर चहा-चपाती घेतली आणि मुलीची वेणी घातली.' दुसऱ्या परिच्छेदात, परांचीची फळी बांधलेली नव्हती असं त्यांच्या कामावरच्या जोडीदाराने मला सांगितलं, ते.

चौकीत बाई माझ्याबरोबर आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. साहेबांनी वाचलं. "रविवारचं कशाला लिहिलंत?"

"प्यायचे म्हणून."

त्यांनी पुन्हा वाचलं आणि जोडीदाराला बोलावणं धाडलं. पुढे बऱ्याच फेऱ्यांनंतर कागदावरून 'नशेत' हा शब्द गेला. कंत्राटदाराला काही झालं नाही. त्या टॉवरला आता पडदे लागलेत, लोक राहतात. पण माझी मुलगी ते दोन परिच्छेद वाचून म्हणाली, "वेणीचं बरोबर आहे. सैल घातली होती."

हा लेख मी मागच्या आठवड्यात बाईंना वाचून दाखवला. शेवटी मी लिहिलं होतं की बाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. बोलणं आता जडावलंय, शब्द यायला वेळ लागतो. मी थांबले. थांबायला त्यांनीच शिकवलंय.

"पहिलं वाक्य... कुठाय?" बाई म्हणाल्या. "मला झालंय... ते लिही."

"सगळ्यांसमोर, बाई?"

"नवा परिच्छेद," बाई म्हणाल्या. हे मात्र एका दमात.

राऊळ बाईंचा उजवा हात आता चालत नाही. डाव्या हाताने त्या रोज पाटीवर अक्षर गिरवतात, ते वाकडं येतं आणि त्या पुसतात. बाईंना पुष्कळ आयुष्य मिळो, आणि त्या डाव्या हाताला एवढं बळ येवो की माझ्या या लेखातलं जे खोडायचं असेल ते त्या स्वतः खोडतील.