घरचं पाणी

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं, यापुढे एक रविवार आड आपण दोघांनी फिरायला जायचं. अख्खी नोकरी पूर्णा जंक्शनच्या खिडकीत बसून दुसऱ्यांना गावोगावची तिकिटं देण्यात गेली होती. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. रविवार हा माझा धुण्याचा, निवडण्याचा आणि वहीतपासणीचा वार. मी म्हटलं, "कुठं जायचं? काश्मीरला का?"

"काश्मीर कशाला? परभणी जिल्हा तरी कुठं बगितलाय आपण?"

हे मात्र खरं होतं. ज्या गावांची नावं त्यांनी हजारदा उच्चारली होती, तिथे ते कधी उतरले नव्हते. मग आम्ही जायला लागलो. जिल्ह्याच्या बाहेर जायचं नाही, रेल्वे नाहीतर एसटी, दिवस मावळायच्या आत घरी, आणि ज्या गावी जाऊ तिथलंच खायचं, असं ठरलं. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर बसून आम्ही मिरचीची भजी खाल्ली. सेलूच्या बस स्टँडसमोर मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला. तो इतका मऊ आणि लिंबाचा होता की यांनी दोन प्लेटी संपवल्या. तेव्हापासून मी घरी सुशीला केला की हे पहिला घास घेऊन थांबतात आणि म्हणतात, "सेलूच्या जवळ आला." जवळच येतो, पोचत मात्र नाही. भज्यांची तर त्यांच्या डोक्यात क्रमवारी आहे, आणि ती ते कुणी विचारलं नसतानाही सांगतात.

या सगळ्यात एक नियम न बोलता आला होता. पाणी घरचं. दोन लिटरची स्टीलची बाटली, तिला मी जुन्या चादरीचं शिवलेलं जाड कव्हर. ही बाटली यांच्या खांद्यावर. हॉटेलात ते खायचे, पण ग्लासाला हात लावायचे नाहीत. आणि कुणाच्या घरी तर काहीच नाही, पाणी नाही, चहा नाही, गुळाचा खडासुद्धा नाही. हॉटेलात पैसे टाकले की कुणी काही विचारत नाही. घरात माणूस आधी विचारतो, "कोणत्या गावचे?" मग विचारतो, "आडनाव काय?"

आमची दोन्ही घरं बौद्ध. आजोबांच्या पिढीत धम्म घेतला. पण आडनावं तीच राहिली आणि गावांना ती पाठ आहेत. हे आठ-नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर पायी दुसऱ्या गावाला चालले होते. उन्हाळा होता. एका दारात पाणी मागितलं. त्या बाईनं आडनाव विचारलं, मग म्हणाली, "वंजळ धर," आणि वरून धार सोडली. अर्धं पाणी कोपरावरून खाली गेलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी एका दुपारी शेंगा फोडत बसलो असताना त्यांनी हे मला सांगितलं, एकदाच. त्यानंतर ना त्यांनी विषय काढला, ना मी. कुणाच्या दारात पाणी मागायचं नाही आणि दिलं तर घ्यायचं नाही, हे त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

मला ते समजत होतं. पण समजणं आणि राग न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला राग यायचा. कधी त्या न पाहिलेल्या बाईचा, कधी यांचा. कारण एवढं फिरून आम्ही खात होतो ते स्टँडवरचं. गावाचं खरं खाणं घरात असतं, चुलीवर. माझी एवढीच इच्छा होती की एकदा तरी एखाद्या अनोळखी घरी बसावं, पाणी प्यावं, त्या घरची भाकरी खावी आणि यांनीही खावी. मी एकटी खाऊ शकले असते, मला कुणी अडवलं नव्हतं. पण नवरा दारात उभा आणि बायको आत जेवतेय, हे काही मला जमलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी मानवतला हे फार जवळ आलं होतं. कापसाच्या गाड्यांची रांग बघून आम्ही गावाबाहेरच्या रस्त्यानं चालत होतो. शेतातल्या घरासमोर एक बाई ताक घुसळत होती. तिनं हाक मारली, "या की, ताक घ्या. लय ऊन हाय." यांनी हात जोडले आणि सांगितलं की डॉक्टरनं ताक बंद केलंय. ती म्हणाली, "मंग पाणी तरी?" हे म्हणाले, "पाणी हाय आमच्याकडं." मी त्या ताकाच्या डेऱ्याकडे बघत बघत पुढे गेले. यांना कुठल्याही डॉक्टरनं काहीही बंद केलेलं नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

मग आलं वालूर. या हिवाळ्यातली गोष्ट. तिथे गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे. गावानं गाळ काढून ती स्वच्छ केली आहे, असं यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. सेलूला उतरून आम्ही एसटीनं गेलो. बारव खरंच बघण्यासारखी. हे तळापर्यंत उतरले, मी गुडघ्यांचा मान राखून निम्म्यावर बसले. यांनी खालून वर बघत पायऱ्या मोजल्या, वर येताना पुन्हा मोजल्या, आणि दोन्ही आकडे जुळेनात म्हणून तिसऱ्यांदा उतरायला निघाले. मी म्हटलं, "बस्स झालं, रेल्वेचा हिशोब नाही हा." या मोजणीच्या नादात आमची एसटी गेली. पुढची दीड तासानं.

रस्त्याला लागून, गावाच्या कडेला, पत्र्याचं एक घर होतं. समोर सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला दगडी कट्टा. आम्ही कट्ट्यावर टेकलो. अंगणातल्या चुलीशी एक म्हातारी भाकरी थापत होती. शेजारच्या पातेल्यात तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडत होत्या. तो वास आला आणि मला भुकेची आठवण झाली. सकाळच्या सुशील्यानंतर आम्ही काही खाल्लं नव्हतं.

म्हातारीनं हात पुसले, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. आडनाव विचारलं नाही, गावसुद्धा विचारलं नाही.

"घ्या. बारव बगून आलाव जणू. दम लागला आसंल."

"नको मावशी," हे म्हणाले आणि नेहमीप्रमाणे बाटली उचलून दाखवली. "हाय आमच्याकडं."

"आसू द्या की. घोटभर घ्या."

"खरंच नको."

"मंग भाकर खावा. गरम हाय. शेंगा बी झाल्यात."

"आमी जेवूनच निघालोत."

हे धडधडीत खोटं होतं. यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, माझ्या चष्म्याकडे आणि पर्सकडे तिनं एकदा पाहिलं. मग तांब्या खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बराबर हाय. आमच्या घरचं पाणी तुमाला चालायचं न्हाई. बस येईस्तोवर बसा तुमी. कट्ट्याला इटाळ न्हाई."

आणि चुलीकडे वळून ती भाकरी उलटायला लागली.

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मी घराच्या दाराकडे पाहिलं. दार अर्धं लोटलेलं होतं, आणि आतल्या भिंतीवर दोन फोटो होते. आमच्या पुढच्या खोलीत आहेत तेच दोन, त्याच क्रमानं, खाली तसंच निळं कापड. मी न विचारता उठले, चपला काढल्या, आत गेले आणि हात जोडले. मला लाज वाटत होती. इतकी लाज मला शिक्षिका म्हणून, सून म्हणून, कशीही कधी वाटली नव्हती. या बाईनं आम्हाला वरच्या लोकांत धरलं होतं, आणि आम्ही वागलोही तसेच होतो. तिनं आडनाव का विचारलं नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. विचारलं की स्वतःचंही सांगावं लागतं.

बाहेर येऊन मी यांना म्हटलं, "अहो, जरा आत जाऊन या."

"कशाला?"

"जा म्हणते ना."

ते गेले. दारातच थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती. म्हातारी हातातला गोळा तसाच धरून त्यांच्याकडे बघत होती.

हे बाहेर आले, चुलीजवळ गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले. इस्त्रीची पँट, तरी बसले. म्हणाले, "मावशी, आमी बी तुमच्यातलेच हाव. पाणी द्या."

आणि त्यांनी दोन्ही हात जुळवून ओंजळ पुढे केली.

त्यांनी हे जाणूनबुजून केलं असं मला वाटत नाही. एवढ्या वर्षांत पाणी मागितलंच नव्हतं, आणि मागितलं तेव्हा हातांना एकच रीत ठाऊक होती. म्हातारीनं तांब्या उचलला होता. ती ओंजळ पाहून ती थांबली. तिनं डाव्या हातानं यांचे हात खाली दाबले, पिठाचा हात, मनगटावर पांढरे डाग उमटले.

"वंजळ कशाला रं लेकरा? तांब्या धर की."

यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावून प्यायले. सगळा तांब्या संपवला. पाणी हनुवटीवरून शर्टावर आलं, ते पुसलंही नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून एक द्या." मी रडले. कशाला लपवू, चांगली हुंदका देऊन रडले, आणि म्हातारी म्हणाली, "आता तुला काय झालं माय? घे, शेंगा सोल."

आम्ही जेवलो. भाकरी, ठेचा, शेंगा, कांदा फोडून. शेंगांना मीठ जरा जास्त झालं होतं, आणि यांनी ते तिला सांगितलंही, म्हणजे माणूस ताळ्यावर आला होता. मधे एसटी आली, हॉर्न वाजवून निघून गेली. आम्ही उठलो नाही.

म्हातारीला त्या बाटलीचं कुतूहल होतं. तिनं विचारलं, "कुटं बी जाताव तर हे नेताव?"

"कुठं बी," हे म्हणाले.

"मी बी नेते," ती म्हणाली. "रोजानं जाते तवा घरचंच पाणी. दुसऱ्याच्या बांधावर मागत न्हाई मी. मालकीण म्हनते घे, तरी घेत न्हाई. कोन चांगल्या मनानं देतंय आन कोन न्हाई, कसं कळावं?"

निघताना यांनी बाटलीतलं पूर्णेचं पाणी अंगणातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतलं आणि तिच्या रांजणातून बाटली भरून घेतली.

शेवटच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. सेलू येईपर्यंत मी फिरण्याच्या या पाच वर्षांतली दारं आठवत होते. कुणी पपई कापून पुढे केली होती, कुणी चहा टाकायला उठलं होतं, प्रत्येक वेळी बाटली वर झाली होती. त्यांतली किती घरं या म्हातारीसारखी होती, हे आता कुणाला विचारणार?

सेलूला गाडीची वाट बघत बाकावर बसलो असताना हे म्हणाले, "मानवतच्या त्या बाईनं दोनदा इचारलं होतं."

कोणती बाई ते मला लगेच कळलं. "ताकवाली."

"पुढच्या वेळी तिकडं जाऊ."

"ती कोण हाय, कुणाची हाय, आपल्याला ठाऊक न्हाई," मी म्हटलं. "आणि तिनं आडनाव विचारलं तर?"

त्यांनी बाटली मांडीवर घेतली, झाकण उघडलं, एक घोट घेतला आणि माझ्याकडे दिली.

"सांगू की," ते म्हणाले. "पण पाणी आधी मागू."