पाचपैकी एक

नारायणगावातल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत सकाळची मीटिंग उभ्यानं व्हायची. काम चपळ व्हावं म्हणून. बबनराव तेवढे खुर्ची ओढून बसायचे. "उभं राहून काम लवकर व्हत असतं, तर एष्टी स्टँडावरची मंडळी कवाच पुण्याला पोचली असती."

बोरी बुद्रुकचे बबनराव, पन्नाशीचे. आमचं अ‍ॅप शेतकऱ्यांना टोमॅटोचे भाव कळवायचं आणि त्यांचे फोन बबनराव घ्यायचे. कित्येक महिने एकच तक्रार: माल क्रेटवर विकला जातो आणि तुम्ही भाव क्विंटलचा दाखवता. बबनरावांनी ती चिठ्ठीवर लिहून फळ्यावर चिकटवली. दर पंधरवड्याला आम्ही चिठ्ठी पुढच्या पंधरवड्याच्या रकान्यात सरकवायचो. तिचा डिंक गेला, तेव्हा कुणीतरी टाचणी मारली. काम कुणी केलं नाही.

मग कंपनी किती चपळ आहे हे मोजायला पुण्याहून परीक्षक बाई आल्या. नावानिशी फॉर्म, प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण. 'ग्राहकानं सांगितलेला बदल तुम्ही किती लवकर करता?' साहेबांनी बजावलं होतं, चारच्या खाली जायचं नाही. प्रमाणपत्र हुकलं तर मोठं काम जाईल. सगळ्यांनी पाच दिले. मीही दिले. आज अशा खोट्या प्रमाणपत्रांविरुद्ध पत्रकं वाटत दुसऱ्यांना खोटारडे म्हणतो, म्हणून हे लिहून ठेवतो.

बबनरावांनी एक दिला.

"नोकरी नकोय का?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"हवी की. पोरगी कालिजात हाये."

"मग आकडा बदला."

"तुमी भाव क्रेटचा करा, साहेब. आत्ता पाच लिहितो."

"असं लगेच नसतं होत."

"मंग एकच बरोबर हाये."

अहवालात कंपनी 'अत्यंत चपळ' ठरली. खाली बारीक अक्षरांत होतं: एका कर्मचाऱ्याला प्रश्न समजला नसल्यानं त्याचं उत्तर वगळलं आहे. त्याच आठवड्यात बबनरावांना काढलं. कारण काय, तर ते बदलांशी जुळवून घेत नाहीत. संताप येतो तो याचा. आणि त्या खोलीत गप्प बसलेल्या आम्हा सगळ्यांचा.

जाताना त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "क्विंटलात पाच क्रेट बसतात. पाचानं भागायचं न् सांगायचं. लई अवघड न्हाई."

दुसऱ्याच दिवशी निमगाव सावाहून एकाचा फोन आला. मी भागून भाव सांगितला. तो म्हणाला, "राव, एवढं तुमच्या अ‍ॅपला येत न्हाई व्हय?"

साहेब समोरच उभे होते.

"येतं, भाऊ," मी म्हणालो. "आम्ही करत नाही."