कॉपीराइट करून मिळेल

आमचं सायबर कॅफे बंद होऊन बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर भंगारात गेले, खुर्च्या एका सलूनवाल्यानं उचलल्या, पंखे पारसनं घरी नेले. किस्से तेवढे राहिले, ते कुणी नेत नाही. पारस आणि मी चहाला बसलो की एक निघतो, त्याला धरून दुसरा, आणि शेवटी आम्ही दोघं त्याच जागी येऊन अडकतो, की यात नेमकं चुकलं कोण? मला आजही कळलेलं नाही. पारस म्हणतो त्याला कळलंय, फक्त सांगता येत नाही!

*

जालन्यात बसस्टँडजवळ आम्ही दुकान टाकलं तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कण्हत कण्हत यायचं. पोट भरायचं ते सीडीवर. एका सीडीची दुसरी करून देणं म्हणजे कॉपी, आणि कोऱ्या सीडीवर गाणी भरणं म्हणजे 'राइट करणं'. पेंटरला चिठ्ठीवर लिहून दिलं, 'येथे सीडी कॉपी, सीडी राइट करून मिळेल.' त्यानं आधी दुकानाचं नाव वेलबुट्टी काढून एवढं मोठं केलं, की खाली जागाच उरली नाही. मग पठ्ठ्यानं स्वतःच्या अकलेनं मजकूर आटोपला.

'येथे कॉपीराइट करून मिळेल.'

समोरच्या इमारतीतले वकीलसाहेब जाता-येता तो बोर्ड वाचायचे. एकदा न राहवून आत आले.

"कॉपीराइट नोंदवायचा अधिकार सरकारचा असतो. तुम्हाला कुणी दिला?"

पारस म्हणाला, "पेंटरनं, साहेब!"

*

आम्ही हसलो आणि बोर्ड तसाच राहू दिला. तो वाचून आष्टीचे दौलत गुरुजी आले.

गुरुजी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. स्वतः गाणी रचायचे, स्वतःच म्हणायचे. तेव्हा लोडशेडिंगनं जिल्हा पिसाळलेला होता, आणि गुरुजींनी त्यावर गाणं केलं होतं. 'आली आली लाइट आली, मोटर लावस्तोर गेली!' गावच्या कार्यक्रमात कुणीतरी ते टेप केलं होतं. ती कॅसेट घेऊन ते दुकानात आले. मी त्या दिवशी सामान आणायला औरंगाबादला गेलो होतो, काउंटरवर पारस एकटाच होता.

"माझ्या गान्याचं कॉपीराइट करून पाह्यजे," गुरुजी म्हणाले.

पारसनं मान वर केली नाही. "एक का दोन?"

"दोन बी होतेत का?"

"किती पन होतेत, गुरुजी."

"मंग दोन करा. एक मला, एक पोराला. आपल्या माघारी भांडन नको."

पारसनं दोन सीड्या भरल्या, वर मार्करनं लिहिलं, 'कॉपी राइट – दौलत गुरुजी, आष्टी.' गुरुजींनी त्या रुमालात गुंडाळल्या, दुकानाच्या पायरीला हात लावून नमस्कार केला आणि गेले. पारसला वाटलं, काय संस्कारी माणूस आहे!

*

पारसच्या वडिलांना आम्ही बाबूजी म्हणायचो. त्यांचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बियाण्याचं दुकान. पिढ्या जालन्यात गेल्या, पण घरात अजून मारवाडी चालायची. एकदा पारस नवीन सॉफ्टवेअर टाकत होता. स्क्रीनवर लांबलचक इंग्रजी मजकूर आला, आणि त्यानं न वाचता 'मान्य आहे' दाबलं. सहज येऊन बसलेले बाबूजी खुर्चीतून उठले.

"बेटा, बिना वाचता सही केली? काय लिहिलं होतं?"

आम्ही परत उघडून वाचून दाखवलं. हे विकत घेतलं तरी तुमचं होत नाही, फक्त वापरायची मुभा आहे, दुसऱ्याला द्यायचं नाही.

"पैसे देऊन पन आपलं न्हाई?"

"न्हाई."

बाबूजींनी जरा विचार केला आणि शांत होऊन परत बसले. "म्हंजे हे संकरित सॉफ्टवेअर आहे. सरळ बोल ना! आपन पन गिऱ्हाइकाला हेच सांगून राह्यलो, घरचं बी पेरू नको, दर साली नवीन घे."

इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यातून प्रश्न सुटला की वाढला, ते कळेना.

*

मग मोबाइल आले, ब्लूटूथ आलं, आणि गुरुजींचं गाणं पाय फुटून पळालं. एमआयडीसीत रोलिंग मिलचे कामगार शिफ्ट सुटली की टपरीवर मोबाइलला मोबाइल लावून ते घ्यायचे. लग्नाच्या वरातीत बँडवाले वाजवायचे. आमच्याकडे मेमरी कार्ड भरायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "ते लाइटवालं टाका!"

गंमत म्हणजे गाणं तेच, आवाज गुरुजींचाच, पण दर फेरीला गायकाचं नाव वेगळं. आधी 'अज्ञात' होतं, मग 'पारंपरिक' झालं, मग 'डीजे कमांडो'. पारंपरिक! रचणारा माणूस आष्टीत ओट्यावर बसून चहा पितोय!

गुरुजींना त्याचं आधी कौतुक होतं. पण नातीच्या शाळेत गॅदरिंगला ते गाणं म्हणायला उभे राहिले, तर एक नवीन शिक्षिका प्रेमानं म्हणाल्या, "बाबा, मोबाइलवरचं नको, तुमचं स्वतःचं काहीतरी म्हणा ना." पोरं हसली. नातही हसली. गुरुजी खाली बसले ते बसलेच.

त्यानंतर ते दुकानात आले तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता. मला म्हणाले, "मला पैसा न्हाई पाह्यजे, सुरेश. फकस्त खाली नाव पाह्यजे. नातीला दाखवायचंय."

*

त्याच दिवसांत मुंबईच्या कुठल्यातरी कंपनीचे दोन साहेब जीप घेऊन आले. चोरीची गाणी पकडायला. आमची बोबडीच वळली! त्यांनी सगळे कॉम्प्युटर धुंडाळले, गाणी काढली, नावं टिपली.

"पुराव्यासाठी ह्याची कॉपी लागेल," मोठा साहेब म्हणाला. "आहे का कोरी सीडी? राइट करून द्या."

मी भीत भीत विचारलं, "साहेब, ही कॉपी चालते का?"

"ही चालते."

"मग त्याचं बिल?"

साहेबानं माझ्याकडे असं बघितलं, की मी सीडीबरोबर चहाही मागवला.

त्या यादीत 'लाइटवालं' पण होतं. मी म्हणालो, हे तर आमच्या आष्टीच्या गुरुजींचं आहे. साहेब म्हणाला, "आमच्या अल्बममध्ये आहे. म्हणजे आमचं." अल्बममध्ये कसं आलं, तर कुणाच्या तरी मोबाइलवरून!

*

मी हे गुरुजींना सांगितलं, तर त्यांनी रुमाल सोडून सीडी काउंटरवर ठेवली.

"त्याह्यचं कसं असंन? कॉपीराइट तुमच्याकडूनच केल्तं की मी."

पारसनं सीडी बघितली, स्वतःचं अक्षर ओळखलं आणि पाणी प्यायला मागे निघून गेला. त्याला इतका कसनुसा झालेला मी कधी पाहिला नव्हता. मग मीच गुरुजींना दोन राइटमधला फरक समजावत बसलो. एक लिहिणं, एक हक्क. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहिलं बी मीच. मंग हक्क कसा दुसऱ्याचा?"

मी मागे जाऊन पारसला बोलावून आणलं.

पारसनंच तोडगा काढला. नेटवर व्हिडिओ टाकायची एक साइट निघाली होती. गुरुजी कोट घालून आले, दुकानातच उभे राहून गायले, आम्ही शूट करून चढवलं. खाली ठळक लिहिलं, 'गीत आणि आवाज – दौलत गुरुजी, आष्टी.' गुरुजींनी स्क्रीनवर नावाखालून बोट फिरवलं. "उद्या नातीला आनतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आले. व्हिडिओ उघडला तर काळा चौकोन! गाण्याच्या मालकानं तक्रार केल्यामुळे काढून टाकला होता. सोबत इंग्रजीत नोटीस, मी मराठीत वाचून दाखवली. दुसऱ्याच्या गाण्याची कॉपी केली आहे, पुन्हा केल्यास कायदेशीर कारवाई होईल.

नात आजोबांकडे बघत होती. गुरुजी म्हणाले, "त्या मालकाला फोन लाव. मी सोता बोलतो."

नोटिशीखाली कंपनीचा मोबाइल नंबर होता. मी लावून दिला. त्या काळी समोरच्यानं उचलेपर्यंत घंटीऐवजी गाणं ऐकू यायचं. गुरुजींनी फोन कानाला लावला, बोलायला घसा साफ केला, आणि थबकले. फोनमधून बारीक आवाज आम्हालाही येत होता. 'आली आली लाइट आली...'

गुरुजींनी नातीला जवळ ओढून फोन तिच्या कानाला लावला. मग परत आपल्या कानाला लावून ऐकत राहिले. मधेच दचकले, फोनवर तळहात दाबला आणि हळूच मला म्हणाले,

"सुरेश, यातली बाई म्हनून राह्यली, हे गानं कॉपी करायचं असंन तर स्टार दाबा. दाबू का? का पुन्हा नोटीस येईन?"