नव्या कंट्रोलरची पूजा

"मॅडम, तुम्ही जरा लांब उभ्या राहा."

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. उलट हसून म्हणाले. शाळेच्या रोबोटिक्स लॅबमध्ये, अकरा मुलांसमोर म्हणाले, आणि त्या अकरांत माझी मुलगी मितू होती.

टेबलावर नवा कंट्रोलर ठेवला होता. कंट्रोलर म्हणजे रोबोटचा मेंदू. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी. मोटारींच्या, सेन्सरच्या सगळ्या वायरी तिच्यात येऊन मिळतात. पेटीखाली लाल ब्लाऊजपीस अंथरला होता. समोर पाण्याचा तांब्या, झेंडूची फुलं, हळदकुंकवाचा करंडा, वाटीत अक्षता. त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची, अवजारांची पूजा करायचा दिवस.

"लांब कशाला?" मी विचारलं. बॅटरीची वायर माझ्या हातात होती.

"तुम्ही हे सगळं मानत नाही ना? मग उगाच हात कशाला लावायचा. पूजा होऊ द्या, मग तुमचंच आहे."

मी वायर ठेवली. चार पावलं मागं सरले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. राहिलेच की गपगुमान. कुणी ढकललं नव्हतं मला.

आता मी कोण ते सांगते. मी नांदेड जिल्ह्यातली. सरकारी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. सहा वर्षांपासून बहरीनमधल्या एका भारतीय शाळेत लॅब असिस्टंट आहे. गुदैबियात दोन खोल्यांत राहतो आम्ही, मी, नवरा आणि मितू. नवरा सनाबिसला एका ऑफिसात एसीची देखभाल बघतो. त्याच्या एकट्याच्या पगारात मितूची शाळा होत नाही. मी स्टाफ, म्हणून तिला सीट. माझी नोकरी गेली की तिची शाळा गेली, इतकं ते सरळ आहे. ती नववीत.

आणि लांब उभं करणारे कोण? टीमचे मेंटॉर सर. टीमच्या कॅप्टनचे वडील. पुण्याचे, मोठ्या कंपनीत मोठे इंजिनियर, माहूजला मोठा फ्लॅट. गणपतीला, दिवाळीला सगळ्यांत पुढं. पहिल्या दिवशी भेटले तेव्हा माझा जीव केवढा सुखावला होता! म्हटलं, चला, शाळेत मराठी बोलायला आणखी एक माणूस मिळालं.

वर्षभर रोबोटचा जुना कंट्रोलर बदलायचं चाललं होतं. जुन्यात रोबोटच्या पाठीवर एक मोबाइल बांधावा लागायचा. रोबोटला धक्का बसला की मोबाइलची वायर हलायची आणि रोबोट भर मैदानात थबकायचा. पोरं रडायची. आता स्पर्धेचे नियमच बदलले, जुना चालणार नाही, नवा घ्या. पेटी आली, पण पेटी येऊन काय होतं? जुनी सगळी जोडणी उपटायची, नवी करायची. प्रत्येक वायरचं टोक कापायचं, पक्कडीनं दाबून नवा कनेक्टर बसवायचा, लेबल लावायचं. कोणती मोटार कुठल्या खाचेत, जुन्या प्रोग्रॅममधलं काय बदलायचं, सगळं. ते मी केलं. शाळा सुटल्यावर तीन ते सहा, सव्वा महिना. बोटांची सालटं निघाली. सरांनी पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'अवर बॉईज डिड द अपग्रेड.' फोटोत माझं कोपर होतं.

मला त्याचंही काही वाटलं नव्हतं. खरं सांगते. सवय होती.

पूजेच्या दोन दिवस आधी मी रजेचा अर्ज लिहीत होते. सर लॅबमध्येच बसले होते.

"दसऱ्याची रजा का? घरी काय, श्रीखंडपुरीचा बेत?"

मी म्हणाले, "नाही सर. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. वंदना असते."

"अच्छा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अच्छा, म्हणजे तुम्ही त्यातल्या."

सहा वर्षं हे कुणाला कळलं नव्हतं. मी कळू दिलं नव्हतं. शाळेच्या बिल्ल्यावर माझं नाव आणि पुढं फक्त नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. आडनाव मी कुठंच लिहीत नव्हते. कुणी विचारलं तर विषय बदलायचा, हसायचं. मितूलाही तसंच शिकवलेलं.

तर मी भिंतीपाशी. सरांच्या मिसेस पूजेला बसल्या. सर म्हणाले, "दिवे लागू देत पेटीचे, फोटोत छान येईल." आणि त्यांनी स्वतः बॅटरी जोडली. पेटीवर निळा दिवा लागला. मिसेसनी फूल तांब्यात बुडवून पेटीवर पाणी शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा. ओल्यावर हळद, हळदीवर कुंकू, बोटानं दाबून. खाली उघड्या खाचा होत्या, तयार केलेल्या वायरी मी पूजेनंतर त्यात घालणार होते. वरून अक्षता.

पूजेला माझा विरोध नव्हता. ज्यानं त्यानं करावी. पण चालू विजेवर पाणी?

"सर, आधी बॅटरी काढा," मी भिंतीपाशीच उभी राहून ओरडले.

त्यांनी मागं न बघता हात वर केला. "मॅडम, आम्हालाही कळतं तेवढं."

पोरं हसली. मितूनं मान खाली घातली. फोटो निघाले, पेढे वाटले. माझा पेढा कागदावर ठेवला आणि तो कागद टेबलाच्या कडेला सरकवला. निळा दिवा कधी विझला ते त्यांच्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

लहानपणी आमच्या शाळेत एक लोहचुंबक होतं. काचेच्या कपाटात. गुरुजी सगळ्यांच्या हातात देत, टाचण्या उचलून बघायला. माझी पाळी आली की म्हणायचे, "तू बघ. हात लावू नको." मी बघायची. म्हणून तर इलेक्ट्रॉनिक्सला गेले मी, हात लावायला मिळावा म्हणून. आणि समुद्र ओलांडून इथं येऊन काय मिळवलं? तीच काच.

दसऱ्याला मी रजेवर. गुदैबियातच एकाच्या घरी आम्ही पंधरावीस जण जमलो, वंदना घेतली, खीर खाल्ली. माझं लक्ष नव्हतं. पेटी मेली असणार हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता लॅबमध्ये गेले. पेटी बंद. बॅटरी बदलून बघितली, मल्टिमीटर लावला. काही नाही. आणि मग मी एक चूक केली. स्क्रू काढून पेटी उघडली. मला खरं काय ते बघायचं होतं, दुसरं काही नाही. आत हळदकुंकवाचा चिखल वाळून बसला होता, पिना हिरव्या पडल्या होत्या. एका खाचेत तांदळाचा दाणा अडकला होता. चिमट्यानं काढला. अख्खी अक्षता, कुंकू लागलेली.

आमचे स्टोअरकीपर सलीमभाई, रत्नागिरीचे, तेवढ्यात किल्ल्या घेऊन आले. त्यांनी दाणा बघितला, उघडी पेटी बघितली.

"ताई, तू उघडलीस कशाला गं? आता तूच मोडलीस म्हणतील."

तसंच झालं. पेटी उघडली की वॉरंटी गेली. वॉरंटी कुणी घालवली? मी.

प्रिन्सिपल मॅडम केरळच्या. त्यांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. मी, मेंटॉर सर, त्यांचा मुलगा आणि टीमतर्फे मितू. सर इंग्रजीत बोलले. गोड बोलले. कनेक्टर नीट दाबलेले नव्हते, वायर उलटी जोडली गेली असावी, घाबरून पेटी उघडली असावी, माणूस आहे, चुका होतात. मी दाणा कागदात गुंडाळून नेला होता. तो टेबलावर ठेवला आणि पूजेच्या वेळी पाणी कसं पडलं ते सांगितलं. मॅडमनी तो बघितला आणि सरांकडं बघितलं.

सर म्हणाले, "राईस? इट इज अ स्कूल लॅब. चिल्ड्रन ईट देअर."

मॅडमनी मितूला विचारलं, "बेटा, पूजेच्या वेळी पाणी पडलं का त्याच्यावर? तू होतीस ना?"

मितू माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिनं बुटांकडं बघितलं.

"आय डिडन्ट सी, मॅम."

तिनं बघितलं होतं. ती सगळ्यांत पुढं उभी होती.

मग मॅडम फोनवर बोलायला वळल्या, तेवढ्यात सर माझ्याकडं झुकले. मराठीत बोलले, हळू, की त्या बाईला कळू नये.

"सही करून टाका. नुसतं वॉर्निंग लेटर मिळेल, नोकरी राहील. असंही तुमच्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवली नव्हती. कोट्यातलं शिक्षण, चालायचंच."

माझ्याच भाषेत. परक्या मुलखात जी कानावर पडावी म्हणून मी तरसत होते, त्या भाषेत. मॅडमनी फॉर्म पुढं केला. 'नुकसानीचं कारण' या रकान्यात आधीच टाइप केलेलं होतं, टेक्निशियनची चूक. दोन दिवसांत सही करा, म्हणाल्या. नाहीतर कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढणार नाही.

घरी नवरा म्हणाला, "कर सही. पुढचं वर्ष मितूचं दहावीचं आहे." एवढंच. त्याचं काय चुकलं? त्याला हिशेब कळतो.

सलीमभाई म्हणाले, "मी बघितलाय दाणा. पण मला बोलायला लावू नको ताई, माझाही व्हिसा याच शाळेचा. बोललो की खलास. इथं मोठ्यांचंच खरं."

आणि मितू. मी कणीक मळत होते. ती आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मम्मा, जस्ट साइन इट ना. इट्स नॉट अ बिग डील."

"तू बघितलंस ना गं?"

"सो व्हॉट?" ती म्हणाली. " ते मला टीममधून काढतील. आणि तुला काय फरक पडतो? यू आर जस्ट लॅब स्टाफ."

माझे हात पिठात होते. मारावंसं वाटलं. नाही मारलं. कारण ती खोटं कुठं बोलत होती? हे तिला कुणी शिकवलं? मी शिकवलं. आडनाव लपव, मान खाली घाल, हसून वेळ मार. मी लांब उभी राहिले ते तिनं बघितलं होतं. जे बघितलं ते ती शिकली. मला इतकी लाज सरांच्या बोलण्यानं वाटली नव्हती. मी तशीच, पिठाच्या हातानं, मोरीत जाऊन रडले.

माझा आजा गावात मेलेली ढोरं ओढायचा. गावकीचं कामच होतं ते. धर्मांतर झालं आणि त्यानं सांगितलं, आता ओढणार नाही. पाटलाचा बैल मेला. तीन दिवस वाड्यासमोर फुगला, वास सुटला. आज्याला मारलं, विहीर बंद केली, काम बंद केलं. घरात खायला नव्हतं. आजी पाया पडली म्हणे, ओढा एवढा एकच. नाही ओढला. हे मी लहानपणी शंभरदा ऐकलंय आणि मितूला एकदाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेतला. टाइप केलेल्या कारणावर काट मारली. खाली पेनानं लिहिलं, पूजेच्या वेळी मेंटॉरनी बॅटरी जोडली, चालू कंट्रोलरवर पाणी आणि हळदकुंकू टाकलं गेलं, मी बॅटरी काढायला सांगितलं होतं, ऐकलं नाही. खाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा आडनावासकट.

मॅडमनी वाचलं. "यू नो व्हॉट धिस मीन्स?"

"येस मॅडम," मी म्हणाले. मला सगळं माहीत होतं. काही चमत्कार झाला नाही. फॉर्म फायलीत गेला, मला पत्र आलं, कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंतच. सरांचं नाव कुठंच नाही.

मग स्पर्धेला पंधरा दिवस राहिले आणि दुसरी पेटी आली. जोडणी कुणालाच येईना. लेबलं माझी, नकाशा माझ्या डोक्यात. सर स्वतः लॅबमध्ये आले, मागं सगळी टीम. मितूही.

"ताई," म्हणाले. कधी नव्हे ते ताई! "झालं गेलं विसरा. दोन दिवसांत वायरिंग करून द्या. मुलांकडं बघून करा."

मुलांकडं बघितलं मी. मितूकडं बघितलं. ती डोळ्यांनी विनवत होती, कर ना मम्मा.

मी उठले. टेबलापासून चार पावलं मागं गेले आणि त्या दिवशी उभी होते तिथं भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

"मी लांब उभी आहे सर," मी म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं."

कुणी हसलं नाही. मितू दार आपटून निघून गेली.

रोबोट स्पर्धेत जागच्या जागी गरगर फिरला आणि बंद पडला, असं सलीमभाईंनी सांगितलं. मला आनंद झाला नाही. तो मितूचाही रोबोट होता. ती अजून माझ्याशी बोलत नाही. आज्याची गोष्ट सांगायला बसले तर कानात इअरफोन घालते. मी तरी सांगते.

मार्चमध्ये माझा व्हिसा संपतो. मितूला परत नेऊन कुठल्या शाळेत घालायचं, मला नांदेडला कोण काम देणार, काही ठाऊक नाही. नवरा एकटा इथं राहील. घर मोडलं, ते माझ्या सहीनं मोडलं, हे मला मान्य आहे. पण यांचं मेलेलं ढोर आता मी ओढणार नाही. ते काळ्या पेटीत घालून आणलं तरी नाही.